जुन्या जिप्सीत दुसरं इंजिन बसवताना एक्झॉस्ट हेडर कसा करायचा

कोकणात जुनी जिप्सी कुणी शोभेला ठेवत नाही. बागेतून आंब्याच्या पेट्या काढायला, पावसात जांभ्याचा चढ चढून घरी यायला, घाट ओलांडून कराड-कोल्हापूर गाठायला ती लागते. पण १९८५ साली आलेली पहिली जिप्सी, एमजी ४१०, ९७० सीसीच्या कार्ब्युरेटर इंजिनावर चालते आणि माणसं-सामान भरून कुंभार्ली घाट चढताना तिची दमछाक होते. म्हणून एस्टीम किंवा जिप्सी किंगचं १२९८ सीसीचं, सोळा व्हॉल्व्हचं एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारं) इंजिन तिच्यात घालावं असं अनेकांना वाटतं. माउंटिंग, वायरिंग, गिअरबॉक्स यांचं सांगणारे मेस्त्री भेटतात. एक्झॉस्टचं काम मात्र ‘ते शेवटी बघू’ म्हणून मागे पडतं, आणि मग जिथे जागा उरली असेल तिथून पाइप वळवला जातो. तो पाइप स्टार्टरला भाजतो, त्याच्या मागचा नट कुणाच्या पान्याला लागत नाही, आणि थोड्याच पावसाळ्यांत तो जोडावर सडतो.

पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याने एक गोष्ट मनाशी पक्की करावी. हेडर म्हणजे चारही सिलिंडरचा जळका गॅस एका पाइपात आणणारा पाइपांचा जोड. आपल्या हवेत तो आधी सहज निघणारा आणि पाणी न साठवणारा हवा. ताकद वाढवण्याचा विचार त्यानंतर. खाली जे सांगतो आहे ते सगळं याच क्रमाने आहे.

कागद आधी, ग्राइंडर नंतर

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, कंपनीने मूळ ठरवलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा फेरफार मालकाला परस्पर करता येत नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. त्यामुळे इंजिन विकत घेण्याआधी आपल्या आरटीओत जा: एमएच ०६ असेल तर पेण, ०८ असेल तर रत्नागिरी, ०७ असेल तर सिंधुदुर्गनगरी. कुठलं इंजिन घालायचं आहे ते सांगा आणि परवानगी लेखी मिळते का ते विचारा. त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं इंजिन असेल तर बोलणं सोपं जातं. सीसी वाढत असेल तर नकार येऊ शकतो, आणि तो घरी येऊन पडलेल्या इंजिनापेक्षा परवडतो. इंजिनाचं बिल, ज्या गाडीतून ते निघालं तिचे कागद आणि इंजिन नंबरचा फोटो जपून ठेवा. आरसीवर नवा नंबर चढल्याशिवाय आणि विमा कंपनीला कळवल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका. अपघात झाला तर सगळ्यात आधी हाच प्रश्न येतो.

मिळत असेल तर बनवू नका

एस्टीममध्ये इंजिन आडवं बसतं, जिप्सीत उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने. एस्टीमचा मॅनिफोल्ड, म्हणजे हेडरच्या जागी कंपनीने बसवलेला ओतीव भाग, आडव्या इंजिनासाठी ओतलेला असतो. इंजिन फिरवून जिप्सीत उभं केलं की त्याचं तोंड चॅसिसवर नाहीतर बॉडीच्या पत्र्यावर येतं. इथेच बहुतेक लोक वेल्डर शोधायला लागतात. त्याआधी जिप्सी किंगचा ओतीव मॅनिफोल्ड शोधा. तो याच घराण्यातल्या इंजिनासाठी, याच चॅसिससाठी केलेला आहे. कुर्ल्याच्या जुन्या स्पेअरच्या बाजारात किंवा कोल्हापुरात चौकशी करा, आणि जाताना तुमच्या सिलिंडर हेडचं एक्झॉस्ट पॅकिंग सोबत न्या. पॅकिंग मॅनिफोल्डच्या तोंडावर ठेवायचं. सगळी स्टडची (हेडमधल्या आटेदार दांड्यांची) भोकं आणि चारही पोर्ट (गॅस बाहेर पडायची तोंडं) जुळले तर घासाघीस करून घेऊन या. ओतीव लोखंड जड असतं, पण जाड असतं, आणि जाडी हाच गंजावरचा सगळ्यात स्वस्त इलाज आहे. आणताना उन्हात धरून पोर्टच्या मधल्या भागात बारीक तडा आहे का ते बघा, तिथेच ते फुटतात.

तो मिळाला नाही, तडकलेला निघाला किंवा तुमच्या माउंटिंगमुळे कुठेतरी अडत असेल, तरच हेडर बनवायचा.

इंजिन कायमच्या जागेवर बसू द्या

मापं घेण्याआधी इंजिन आणि गिअरबॉक्स शेवटच्या माउंटिंगवर, शेवटच्या रबरी बुशांवर बसलेले हवेत. रेडिएटर, फॅन, स्टार्टर, ऑइल फिल्टर, स्टिअरिंगचा शाफ्ट, ब्रेक पाइप, क्लच केबल सगळं जागेवर. गाडी चाकांवर उभी हवी, स्टँडवर नाही. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघा. मग पुढच्या अ‍ॅक्सलखाली जॅक लावून बंप स्टॉप (अ‍ॅक्सल अडवणारं रबर) टेकेपर्यंत अ‍ॅक्सल वर घ्या. जिप्सीचा पुढचा अ‍ॅक्सल एकसंध असतो, तो वर येताना डिफरन्शियल आणि पुढचा प्रोपेलर शाफ्ट सोबत घेऊन येतो. सपाट जमिनीवर मोकळी दिसणारी जागा खड्ड्यात तशी राहत नाही.

इंजिनही जागच्या जागी हलतं. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडताना ते एका बाजूला कलतं, त्यामुळे हेडर आणि कुठल्याही स्थिर भागात निदान २० ते २५ मिलिमीटर अंतर सोडा. ब्रेकच्या पाइपपासून याच्या दुप्पट-तिप्पट सोडा आणि मधे पत्र्याची ढाल घाला. कोकणात हे विशेष महत्त्वाचं, कारण ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पितं. डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २०५ अंश असतो, ओलावा प्यायलेल्या ऑइलचा १४० पर्यंत उतरू शकतो. घाट उतरताना ब्रेक आधीच तापलेले असतात, त्यात शेजारून हेडर भाजत असेल तर पेडल खाली जातं.

धातू कुठला घ्यायचा

या मुद्द्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण किनाऱ्यावर हेडर इथेच जगतो नाहीतर मरतो.

एक्झॉस्ट दोन्ही बाजूंनी सडतो. बाहेरून खारा वारा, पाऊस आणि रस्त्यावरचा लाल चिखल. आतून पाणी. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. लांबच्या प्रवासात ते वाफ होऊन निघून जातं. घरापासून बाजारापर्यंत आणि परत एवढंच चालवलं तर पाइप पुरता तापत नाही आणि पाणी आतच थंड होऊन बसतं. गावात राहणाऱ्यांच्या गाड्यांचे सायलेन्सर आधी सडतात त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

पहिला पर्याय साध्या लोखंडाचा. ३८ मिलिमीटर बाहेरच्या मापाचा, १.६ मिलिमीटर जाडीचा पाइप तेराशे सीसीला पुरतो. वळवायला, जोडायला सोपा, पण या जाडीला किनाऱ्यावर आयुष्य कमी. माझी पसंती वेगळी आहे. एमआयडीसीच्या पाइपवाल्यांकडे सव्वा इंची, शेड्यूल ४० (जाड भिंतीच्या) पाइपाचे काळे बट-वेल्ड एल्बो, म्हणजे टोकाला टोक जोडून वेल्ड करायचे वळणाचे तयार तुकडे, मिळतात. बाहेरून ४२.२ मिलिमीटर, जाडी ३.५६, म्हणजे आतून ३५ च्या आसपास, पातळ ३८ च्या पाइपाएवढंच मोकळं माप. वजन दुपटीपेक्षा जास्त होतं, त्यामुळे खाली एक आधाराची पट्टी द्यावी लागते. पण जाडी दुपटीहून जास्त मिळते, आणि नवख्या हातालाही जाड पाइपात भोक न पाडता वेल्ड मारता येतो. मिरजोळे, लोटे, कुडाळ कुठल्याही एमआयडीसीच्या आसपास विचारा.

दुसरा पर्याय स्टेनलेसचा. ३०४ किनाऱ्यावर डागाळतो, पण साध्या लोखंडापेक्षा कितीतरी जास्त टिकतो. मॉलिब्डेनम असलेला ३१६ मिठाला आणखी चांगला तोंड देतो. वेल्डिंग करायचं असल्याने कमी कार्बनचा, म्हणजे ‘एल’ लागलेला प्रकार मागा. मात्र स्टेनलेस तापला की साध्या लोखंडाच्या जवळजवळ दीडपट फुगतो. चारही पाइप एकाच ताठ फ्लँजला (हेडला बोल्टने आवळायच्या जाड पट्टीला) धरलेले असतील तर तो ताण वेल्डवर येतो. स्टेनलेसचं वेल्डिंग टिगने, आतून आर्गॉन भरून करणारा कारागीर असेल तरच या वाटेला जा. आतून गॅस न भरता केलेल्या वेल्डची मागची बाजू काळी, दाणेदार होते आणि तिथूनच तो फुटतो.

आणि एक वाट पूर्ण बंद: जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पाइप. ‘गंजत नाही’ म्हणून तो कुणीतरी सुचवतोच. त्यावरचा जस्ताचा थर वेल्डिंगच्या उष्णतेने जळून धूर होतो. तो धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. आणि इंजिनाशेजारच्या उष्णतेत जस्त टिकणारही नाही. वेल्डरने आग्रह केला तरी नाही म्हणा.

फ्लँज

हेडला टेकणारी पट्टी १० मिलिमीटर जाड घ्या. पातळ घेतली तर वेल्डिंगने केळीसारखी वाकते. नवं पॅकिंग पट्टीवर ठेवून भोकं आणि पोर्ट पंचने, टोकदार सळईने आखून घ्या. पॅकिंग कागदावर ठेवून त्याचं चित्र लेझर कटिंगवाल्याला दिलं तर आणखी बरं, कोल्हापूरच्या उद्यमनगरात असं एकच नग काम करून देणारे मिळतात. कापलेली पट्टी आधी रिकामी हेडवर बसवून बघा. सगळे स्टड हाताने, हातोडी न मारता आत गेले पाहिजेत. स्टडची भोकं अर्धा-एक मिलिमीटर मोठी ठेवा, तापल्यावर पट्टी लांब होते.

पाइपाचं तोंड पोर्टपेक्षा लहान नको. गॅस बाहेर पडताना मोठ्या तोंडात गेला तर चालतं, कडेवर आपटला तर नाही. पोर्ट लांबट असेल तर पाइपाचं टोक व्हाइसमध्ये हलके हलके दाबून त्याच आकाराचं करा.

पाइपाची वाट

क्रमाने पेटणारे सिलिंडर १-३-४-२ असे आहेत. म्हणून पहिल्याची जोडी चौथ्याशी आणि दुसऱ्याची तिसऱ्याशी लावायची, आणि मग त्या दोन जोड्या खाली एका पाइपात आणायच्या. याला ४-२-१ म्हणतात. घाटात, इंजिनाच्या मधल्या फेऱ्यांवर (आरपीएमवर) ओढायला हा बरा. चारही पाइप एकदम एका जागी आणणारा ४-१ वरच्या फेऱ्यांना खुलतो, आणि तिथे आपली जिप्सी फारशी जात नाही. चारही लांबी अगदी सारख्या करण्यासाठी जीव काढू नका. चार-पाच सेंटिमीटरचा फरक या इंजिनाला कळतही नाही. वळणं मात्र मोठी ठेवा, आणि कुठेही पाइप आधी खाली जाऊन पुन्हा वर येणार नाही असं बघा. असा खोलगट भाग म्हणजे पाण्याची टाकी.

खाली एकत्र झालेला पाइप ४५ मिलिमीटरच्या आसपास घ्या. जुन्या ९७० सीसीचा बारीक पाइप तसाच पुढे जोडला तर वरचं सगळं काम वाया. हेडर आणि पुढच्या पाइपाच्या मधे जाळीदार लवचिक तुकडा द्या, म्हणजे इंजिन कललं तरी ताण फ्लँजवर येणार नाही.

पाइप गावात वळवून घ्यायचा असेल तर जुन्या पद्धतीत आत वाळू ठासून, तापवून वळवतात. पद्धत चांगली आहे, पाइप चपटा होत नाही. पण समुद्राची वाळू वापरू देऊ नका. ती खारट असते आणि वरून कोरडी दिसली तरी आतून दमट असते. दोन्ही टोकं बंद केलेल्या पाइपात ओल्या वाळूची वाफ झाली तर बूच गोळीसारखं उडतं. वाळू नदीची, धुतलेली आणि चुलीवर भाजून घेतलेली हवी, आणि वळवून झाल्यावर हवेने फुंकून एकही कण आत राहू देऊ नका.

टॅक मारा आणि काढून बघा

आता गाडीत बसून जोडणी. बॅटरीची निगेटिव्ह वायर आणि ईसीयूचा (इंजिनाच्या कॉम्प्युटरचा) कनेक्टर आधी काढा. फ्लँज हेडला घट्ट आवळा. मागच्या सिलिंडरपासून सुरुवात करा, कारण तिथे जागा सगळ्यात कमी असते, पुढचे पाइप मग त्याच्या भोवतीने जातात. प्रत्येक जोडाला तीन-चार टॅक, म्हणजे वेल्डचे छोटे ठिपके, जास्त नाही. आसपासच्या वायरी आणि पेट्रोलचा पाइप ओल्या गोणपाटाने झाका, हाताशी अग्निशामक ठेवा.

चारही पाइप टॅक झाले की पूर्ण वेल्ड मारायची घाई होते. थांबा. हेडर गाडीतून बाहेर काढा. इंजिन न उचलता, स्टिअरिंग न सोडता तो निघतो का? पुन्हा घाला. १२ चा पाना घेऊन प्रत्येक नटावर लावून बघा, आणि नुसता लागून भागत नाही, तो निदान थोडा फिरलाही पाहिजे. स्पार्क प्लग निघतो का, ऑइलची पट्टी, ऑइल फिल्टर, स्टार्टरचे बोल्ट? जिथे हात अडला तिथे आत्ताच टॅक तोडून पाइप वळवा. या टप्प्यावर ते अर्ध्या तासाचं काम आहे. वेल्ड झाल्यावर तेच काम नवीन हेडर बनवण्याएवढं होतं. गणपतीच्या आधी गाडी द्यायची म्हणून गॅरेजात घाई चालू असेल तर हीच पायरी गाळली जाते, म्हणून मी म्हणतो हे काम दिवाळीनंतर काढा. तेव्हा हवाही कोरडी असते. पावसात वेल्डिंगचे रॉड ओलावा धरतात, आणि उघड्या शेडमध्ये वाऱ्याने मिगचा गॅस उडून वेल्डला भोकं पडतात.

ऑक्सिजन सेन्सरची जागाही आत्ताच ठरवा. एमपीएफआय इंजिनाला तो लागतोच. चारही सिलिंडरचा गॅस जिथे एकत्र येतो त्याच्या लगेच पुढे, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्याच्या, म्हणजे कॅटच्या) आधी, १८ मिलिमीटर मापाची, १.५ मिलिमीटर आट्याची नटासारखी कडी वेल्ड करा, सेन्सर तिच्यात बसतो. सेन्सर पाइपाच्या वरच्या अंगाला, आडव्या रेषेपासून निदान दहा अंश वर हवा. खालून लावला तर आतलं पाणी त्याच्यावर साचतं आणि तो फुटतो. कॅट मूळ इंजिनाला असेल तर तो काढून टाकू नका. पीयूसीला तो हवा, आणि मागे राहणाऱ्यांच्या नाकालाही.

पूर्ण वेल्ड

हे काम टेबलावर. फ्लँज जुन्या, निकामी हेडला किंवा जाड लोखंडी प्लेटला सगळ्या बोल्टनी आवळून मगच वेल्ड मारा. एका पाइपाचा एक चतुर्थांश, मग दुसऱ्याचा, असं आलटून पालटून. पूर्ण थंड होईपर्यंत सोडू नका. स्टेनलेस पाइप लोखंडी फ्लँजला जोडायचा असेल तर ३०९ एलची तार लागते. थंड झाल्यावर तोंडावर सरळ पट्टी ठेवून फीलर गेज घालून बघा. ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त पान आत गेलं तर लेथवाल्याकडून तोंड सपाट करून घ्या. पॅकिंगवर भरवसा ठेवून असंच बसवलं तर काही आठवड्यांत फटफट आवाज सुरू होतो.

बसवताना पॅकिंग नवंच घ्या. सिलिकॉनची पेस्ट लावू नका, तिच्या वाफेने ऑक्सिजन सेन्सर मरतो. स्टडना उष्णतेत न चिकटणारं ग्रीस आणि तांब्याचा मुलामा असलेले नट वापरा. लोखंडी नट आणि खारी हवा हे जमलं की पुढच्या वेळी नट सुटतच नाही, स्टड तुटून हेडमध्ये राहतो. आठ मिलिमीटरच्या स्टडला २० ते २५ न्यूटन-मीटर पुरे, मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे. दोन-तीनदा इंजिन तापून पूर्ण थंड झालं की पुन्हा आवळा.

पहिल्यांदा सुरू करताना

उघड्यावर सुरू करा, शेडमध्ये नाही. इंजिन थंड असतानाच मदतनीसाने सायलेन्सरच्या तोंडावर जाड फडकं धरावं आणि तुम्ही प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी शिंपडा. बुडबुडा आला तिथे गळती. ही चाचणी आवाजासाठी नाही. गळणाऱ्या एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वासही येत नाही. कापडी टपाची जिप्सी पावसात चारी बाजूंनी बंद करून घाटात हळूहळू चढत असताना तो आत आला, तर डोकं दुखणं आणि झोप येणं यापलीकडे काही कळायच्या आत माणूस बेशुद्ध होतो. म्हणून शेवटच्या पाइपाचं तोंड बॉडीच्या बाहेर निघालंच पाहिजे, मागच्या फाळक्याखाली संपता कामा नये.

रंग सहाशे अंशांचा, चांदी रंगाचा. लोखंड घासून, थिनरने पुसून, दोन पातळ हात. पहिल्या तापण्यात धूर येतो, तो रंग पक्का होण्याचा. हेडरला कापडी पट्टी गुंडाळायचा सल्ला मिळेल. कोरड्या मुलखात ठीक आहे, इथे ती पट्टी खारा ओलावा धरून ठेवते आणि आतलं लोखंड नजरेआड खाते. उष्णता अडवायची असेल तर पत्र्याची ढाल, मधे हवा खेळेल एवढी जागा सोडून. सायलेन्सरच्या सगळ्यात खालच्या बिंदूला ३ मिलिमीटरचं एक भोक पाडा, पाणी गळून जायला.

जानेवारीनंतर कातळावरचं गवत वाळलेलं असतं. खाली लोंबणारा गरम पाइप किंवा कॅट अशा गवतात टेकला तर आग लागते. चढून आल्याबरोबर बागेत गाडी उभी करायची सवय असेल तर गवत कापलेली जागाच ठरवून ठेवा.

दर पावसाळ्याच्या शेवटी, ऑक्टोबरात, गाडी थंड असताना गोड्या पाण्याने खालून धुवा, नट आवळून बघा, लवचिक तुकड्याची जाळी आणि चारही पाइपांचे फ्लँजजवळचे वेल्ड स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून ऐका. टणक आवाज बरा, बद्द आवाज आला तिथे आतून पाइप पातळ झाला आहे. आणि फ्लँजचा कागदी साचा, पाइपांची मापं, कुठल्या एल्बोचा किती तुकडा कापला ते सगळं एका वहीत लिहून गाडीच्या कागदांसोबत ठेवा. दुसरा हेडर करायची वेळ आली की मेस्त्रीला ती वही द्या, गाडी त्याच्याकडे अडकवून ठेवावी लागणार नाही.